टेबलकाकांची दुसरी सकाळ

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी टेबलकाका मुलींकडे मान वर करूनही बघायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र उजाडताच मैदानाच्या फाटकात हजर. एकेकीचं तोंड नीट बघून मगच आत सोडायचे. पारशिवनीची कुणी पोर वेळेत आली नाही, तर बस स्टँडपर्यंत शोधायला जायचे. नवीन मुली हसायच्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नसे.

गुण मांडायच्या टेबलावरून त्यांचं हे नाव पडलं. हेप्टॅथलॉनमध्ये दोन दिवसांत सात प्रकार. वेळेचे, उडीचे, फेकीचे तक्त्यावरून गुण होतात आणि जिची बेरीज जास्त ती पहिली. एखाद्या प्रकारात भोपळा मिळाला तरी चालतो; पण एका जरी प्रकाराला उभी राहिली नाही, की निकालातून नाव जातं. ‘‘पडा, हरा, पण उभ्या तं राहा वं,’’ काका म्हणायचे.

मी खेळत होते त्या वर्षी हा नियम त्यांना घरच्याच माणसाला लावावा लागला. पल्लवी त्यांची मुलगी, माझी मैत्रीण. पहिल्या दिवसाअखेर ती पुढे होती, मी मागे. संध्याकाळी पारशिवनीला घरी जाताना तिच्या स्कूटीला ट्रकनं उडवलं. रात्रीच ती गेली. सकाळी काका इस्पितळातून तसेच मैदानावर आले, कालच्याच शर्टात. पहिल्या दिवसाचे कागद त्यांच्या पिशवीत राहिले होते, तेवढे द्यायला आले असं सगळ्यांना वाटलं. ते टेबलावर बसले. लांब उडीला पल्लवीचं नाव पुकारलं गेलं. पंच हळूच म्हणाले, ‘‘कालचे गुण राहू देऊ, काका. आठवण म्हणून.’’

‘‘ती आली नाई ना? मंग नाव काढा,’’ काका म्हणाले, आणि त्यांनीच रेघ मारली.

मी पहिली आले. त्या दगडासारख्या माणसाचा मला भयंकर राग आला होता. ते पदक मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवलंय. अजून त्याला हात लावायची भीती वाटते.

गेल्या उन्हाळ्यात काका अंथरुणाला खिळले. माणसं ओळखेनात. मी भेटायला गेले तेव्हा उन्हं नुकतीच वर येत होती आणि ते उठायची धडपड करत होते. काकू रडकुंडीला आल्या होत्या. मला बघताच काकांनी माझं मनगट धरलं.

‘‘लांब उडी सुरू होऊन राहिली. पल्लवी काहून दिसत नाई?’’

मी म्हणाले, ‘‘आली, काका. वॉर्मअप करून राहिली.’’

त्यांची पकड सैल झाली. उशीवर मान टेकत म्हणाले, ‘‘राहू द्या मंग तिचं नाव.’’