एका दिवसाची बाई

"उद्या एक दिवस हिला बाई म्हणायचं," हेडमास्तरांनी तिसरीच्या पोरींना सांगितलं. "परवापासून नाही."

मी वर्गाच्या दारात उभी. हातात झाडू. तो बाहेर ठेवून आत ये, असं मला सांगण्यात आलं. मी आत गेले. पोरी जागच्या हलल्या नाहीत. हेडमास्तर ओरडले, "उठा! नमस्ते बाई म्हणा!" पोरी उठल्या आणि हसू दाबत केकाटल्या, "नमस्ते बाई!" मग मला परत बाहेर पाठवलं, परत आत बोलावलं. नीट जमेपर्यंत हेच. शेवटी पुढच्या ओळीतल्या एका पोरीनं हात वर केला.

"सर, ही तर झाडायला येती की. हिच्या हातनं वह्या घ्यायच्या?"

"उद्या घ्यायच्या. उद्याच्या दिवस चालतंय."

सगळा वर्ग खदखदून हसला. हेडमास्तर हसले. मीसुद्धा हसले. ते हसणं आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मी डी.एड. झालेली होते. आमच्या बौद्ध वस्तीतली एवढं शिकलेली पहिलीच मुलगी. बापाचं गिरणीतलं काम सुटलं, छातीच्या दुखण्यानं तो अंथरुणाला खिळला. आई बिड्या वळायची. मी सर्टिफिकेट घेऊन सोलापुरातल्या शाळा पालथ्या घातल्या. आडनाव सांगितलं की जागा नुकतीच भरलेली असायची. या शाळेच्या चेअरमननी मात्र हाकललं नाही. म्हणाले, "जागा निघाली की बघू. तोवर झाडलोट कर. डोळ्यासमोर राहशील." तेव्हापासून मी त्यांच्या डोळ्यासमोर झाडत होते. पाण्याच्या माठापासून लांब.

जागा नव्हती असं नाही. तिसरीला बाईच नव्हती. म्हणजे कागदावर होती. चेअरमनची सून. ती नवऱ्याबरोबर पुण्यात राहायची आणि स्नेहसंमेलनाला बक्षिसं वाटायला यायची. दरवर्षी शाळेनं सरकारला विवरणपत्र पाठवायचं असतं. शिक्षक किती, कोण, काय शिकलेले, पगारावर खर्च किती. त्यावर अनुदान मिळतं. सूनबाई त्यात न चुकता असायच्या. शिपायापासून पोरींपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी निरोप आला की शिक्षण खात्यातले तपासणीचे साहेब स्वतः येऊन विवरणपत्रातला एकेक माणूस समोर उभा करून बघणार. पुण्याला तार गेली. सूनबाईंचे दिवस भरत आलेले, त्यांना प्रवास जमणार नव्हता. मग चेअरमनना माझी आठवण झाली.

त्यांनी ऑफिसात बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"वर्ग तुला घेता येईल. नाव विचारलं तर सूनबाईचं सांगायचं. साहेबांसमोर तिच्या नावापुढं सही करायची. जूनमध्ये तुझी ऑर्डर काढतो. शब्द हाय माझा."

मी हो म्हणाले. का म्हणाले, हे मला कुणी विचारू नये. रात्रंदिवस खोकणारा बाप ज्याच्या घरात आहे आणि औषधाची बाटली रिकामी आहे, त्याला असलं काही विचारायचं नसतं.

संध्याकाळी शिपाई एक साडी घेऊन आला. चेअरमनच्या घरातली, निळी, चांगली. म्हणाला, "परत आणू नको म्हणाल्यात बाईसाहेब. तुज्या अंगाला लागली की घरात घेता यायची न्हाय." मी ती साडी घेतली. तीही घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि वर्गात मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. पोरींनी पढवल्याप्रमाणे नमस्ते केलं. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. मी फळ्यावर जिल्हा काढला, भीमा काढली, सीना काढली. म्हटलं, तुमच्या आईचं गाव सांगा, आपण ते शोधू. एकीनं वैराग सांगितलं, एकीनं नातेपुते, एकीनं अक्कलकोट. बघता बघता पोरी बाकावर उभ्या राहून ओरडायला लागल्या. साहेब मागं बसलेत हे त्या विसरल्या. मीही विसरले.

तेवढ्यात ती आदल्या दिवशीची पुढच्या ओळीतली पोरगी रडवेली झाली. विणकराची होती, घरी तेलुगू बोलणारी. "बाई, माज्या आईचं गाव फळ्यावर न्हाईच की. ते तेलंगणात हाय."

मी खडू घेतला आणि फळ्याच्या बाहेर, भिंतीवर, तिच्या गावाचा ठिपका दिला. ती उठून आली, त्या ठिपक्याला बोट लावलं आणि माझा हात धरून म्हणाली, "बाई, हितनं तितं जायला किती येळ लागतो?"

हे तिला कुणी पढवलेलं नव्हतं. इतके महिने ज्या वर्गातला कचरा मी उचलला, तो वर्ग माझा होता. माझाच होता.

नंतर ऑफिसात चहा आला. मलाही खुर्ची, मलाही कपबशी. साहेब म्हणाले, "तुम्ही फार छान शिकवता." तुम्ही. त्या शाळेत मला तुम्ही म्हणणारा हा पहिला माणूस. पेन उघडून ते चेअरमनना म्हणाले, "शेरा लिहितो. अशा बाई शाळेला लाभल्या, हे भाग्य." आणि लिहायला लागले. सूनबाईंच्या नावापुढं.

मग कागद माझ्याकडं सरकवला. "करा सही."

पेन हातात घेतलं. आतापर्यंत झाडणं दिलं होतं, हसणं दिलं होतं, मान खाली घालणं दिलं होतं. आता माझं शिकवणंही चाललं होतं. तेवढं एकच माझं होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला.

"साहेब, हे नाव माझं नाही."

"काय?"

मी माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वस्ती सांगितली. "मी इथं झाडते. तिसरीला बाई नाही. या चेअरमनच्या सूनबाई, त्यांनी पोरींना एक दिवसही शिकवलेलं नाही."

चेअरमन शांतपणे म्हणाले, "डोक्यानं जरा अधू हाय पोरगी, साहेब. दयेपोटी ठेवलीय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पेनला टोपण लावलं. "असं होय," म्हणाले. "मग मूळ बाईंची सही मागाहून पाठवून द्या."

शेरा त्यांनी खोडला नाही.

फाटकापर्यंत हेडमास्तर आले. "उद्यापासून येऊ नको." एवढंच.

घरी आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. सगळं ऐकलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "एक सही करायची व्हती की गं! हात झडला असता का तुजा?"

आईचं चुकलं नव्हतं. बाप आतून खोकत होता. त्या पावसाळ्यात तो गेला. सही केली असती तर वाचला असता का? मला माहीत नाही. आईला माहीत आहे. ती बोलत नाही, पण माझ्याकडं बघते, आणि मला तोंड कुठं लपवावं कळत नाही.

सूनबाई अजून कागदावर शिकवतायत. मी सकाळी बिड्या वळते आणि दुपारी अर्ज घेऊन शिक्षण खात्यात जाते. तिथला शिपाई "आली बया" म्हणतो. अर्ज घेत नाहीत, घेतला तर पोच देत नाहीत. कारकून सांगतो, पोरी, थकशील. थकले आहेच. पण जाणं थांबवणार नाही. दया नको, जूनचा शब्द नको. मला तिसरीचा वर्ग पाहिजे. हाकलतील, परत जाईन. केस पिकेपर्यंत जाईन. आणि कधी सही केलीच, तर माझ्या नावापुढं करीन.