अर्धा इंच

चौलच्या वाड्यांमध्ये अंबाजीने पंचवीस वर्षं नारळ पाडले. आठ वर्षांपूर्वी ओल्या झावळीवरून हात सुटला आणि खुब्याची वाटी फुटली. तेव्हा ती पट्टी-स्क्रूंनी जोडली खरी, पण सांधा झिजत गेला. डावा पाय दीड इंच आखूड झाला, आणि तो कुबडी घेऊन खालूनच शेंडे बघू लागला.

पनवेलच्या डॉक्टर हेमाली मॅडमनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. "काका, आधी जुनी पट्टी काढायची, वाटीत कमी पडलेलं हाड भरायचं, मग नवा सांधा. पण पाय खेचताना मागची नस दुखावली, तर पाऊल लुळं पडेल."

"दोनी पाय सारखं करा, बस," अंबाजी म्हणाला.

कमरेत सुई दिल्याने खालचं अंग बधिर होतं, कान मात्र जागे होते. कुशीवर पडून तो पडद्यापलीकडची ठोकाठोक ऐकत होता.

"स्क्रूचं डोकं तुटलं," कुणीतरी म्हणालं.

ठोकाठोक थांबली. अंबाजीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"आडवा येत नाही, राहू दे आत," मॅडम म्हणाल्या. मग नव्या सांध्यासाठी काढून टाकलेला त्याच्याच मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून त्यांनी वाटी भरून काढली. नवा सांधा बसला. पाय खेचला गेला.

"अजून अर्धा इंच येईल, मॅडम," मदतनीस डॉक्टर म्हणाला.

"नको. नस तारेसारखी ताणलीय."

"थांबू नका!" अंबाजी ओरडला.

मॅडम पडद्याजवळ आल्या. "ओढला तर पाय सारखा होईल, काका, पण पाऊल जाईल."

त्याने डोळे मिटले. "तुमाला दिसतंय ते मला दिसत न्हाय. तुमाला पटंल ते करा."

सुईचा असर उतरत चार वाजता उजव्या पायाची बोटं हलू लागली. डावी मात्र थंड, निपचित. मॅडम दोनदा येऊन गेल्या, गुडघ्याखाली उशी सरकवून नस सैल केली. कल्पिता, त्याची बायको, खाटेच्या पायथ्याशी, त्या बोटांवर नजर लावून बसली होती.

"हलवा ना वो जरा!"

"हलवतोच हाय गं!"

सहाच्या सुमारास डावा अंगठा किंचित वर झाला. कल्पिताने तो दोन्ही हातांनी धरला आणि रडूच लागली.

आता अंबाजी कुबडीशिवाय रेवदंड्याच्या बाजारापर्यंत जातो. डाव्या चपलेला अर्ध्या इंचाचा जादा तळ लावलाय. झाडावर चढायचं नाही, असं मॅडमनी कायमचं बजावलंय. कल्पितासमोर मात्र आता आपण चढणार नाही, हे तो अजून कबूल करत नाही.