उलट्या सेलचा उजेड

भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. कोणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून घरी यायची. हे वाचून कोणाला मी वेडी वाटले तर वाटू दे... जे झालं ते लिहिते.

माझं गाव बडनेऱ्यापासून अर्ध्या तासावर. घरामागे शेळ्यांचा गोठा आणि त्याला लागून कुटाराची खोली. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला शेळ्यांच्या चाऱ्याचा भुसा, पोत्यांत भरून वरपर्यंत रचलेलं असतं. वर टिन, खिडकी नाही. भरदुपारीही आत काळोख, आणि विंचू निघतात. म्हणून बॅटरी घेतल्याशिवाय कोणी आत पाय टाकत नाही.

शेजारी जुबेदा राहते. चाळीस वर्षांपासून गावातल्या बायांचे कपडे शिवते. आम्हा दोघींकडे सारख्याच बॅटऱ्या — बोटाएवढ्या, एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, बटण मागे बुडाला. मला ते बटण आवडतं, अंगठ्यानं दाबलं की काम झालं. तिच्या बोटांना संधिवात. तिला बाजूला सरकवायचं बटण पाहिजे.

"हे बटण काय पहिलवानासाठी बनवलं का वं?" ती म्हणायची.

"तुह्यासारख्या बेगमसाठी तं नाही बनवलं," मी म्हणायची.

शेवटी मीच तिच्या बटणावर औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलं, तळहातानं दाबता यावं म्हणून. पकड यावी म्हणून सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलं, आणि गळ्यात घालायला परकराची नाडी बांधली. काम चांगलं झालं, पण झाकण मोठं — पिशवीत जरा धक्का लागला की बॅटरी आपोआप लागायची आणि सेल संपायचा. त्याला आमच्याकडे सोपा उपाय असतो. वापरायची नसली की सेल उलटा टाकून ठेवायचा. मग कितीही दाबा, लागत नाही.

त्या दिवशी सकाळी नाडी तुटली म्हणून तिनं बॅटरी माझ्याकडे दिली. मी नवी नाडी ओवली, सेल काढून पुसला आणि हाताच्या सवयीनं उलटा टाकला. भिंतीवरून बॅटरी तिला परत दिली... सांगायचं राहिलं. मला चार दिवसांसाठी अमरावतीला मुलीकडे जायचं होतं, डोक्यात तेच.

दुपारी पिशवी भरली, घराला कुलूप लावलं आणि मागे कुटाराच्या खोलीची कडी लावायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. कडीला हात घातला, आणि फटीतून उजेड दिसला. खाली, जमिनीजवळ, पडलेल्या पोत्यांच्या मधून. पांढरा, स्थिर, सुपारीएवढा.

मला वाटलं, माझीच बॅटरी आत राहिली. दार उघडलं. पोत्यांची अख्खी रांग कोसळलेली होती. उजेड होता तिथलं पोतं ओढलं, तर उजेड नाही आणि खाली जुबेदाचा हात! तिची कोंबडी तिथं अंडी घालते, ती अंडी घ्यायला आली होती. मी ओरडून तिच्या लेकाला बोलावलं. दोघांनी मिळून तिला बाहेर काढलं. नाकातोंडात कुटार, बरगड्यांना मार, आवाज निघत नव्हता. अजून थोडा वेळ गेला असता तर गुदमरली असती, असं डॉक्टर म्हणाले. आणि मी तर कडी लावून चार दिवस जाणार होते.

तिच्या मुठीतली बॅटरी मी सोडवून घेतली होती. ती दवाखान्यात असताना दाबून पाहिली. लागेना. उघडली... सेल उलटा. मी टाकला तसाच. सरळ करून दाबली तर लगेच लागली. बडनेऱ्याच्या दुकानदाराला विचारलं, तो हसला. "मावशी, उलट्या सेलवर हे जळूच शकत नाही."

मी अमरावतीला गेले नाही. पंधरा दिवस जुबेदाच्या उशाशी बसले. ती बरी होऊन हिंडूफिरू लागली, पण मशीनवर बसेना. सुनेला म्हणाली, "झाकून ठेव ते. माह्यानं आता होत नाही." सून लपून डोळे पुसायची. जुबेदा मशीनवर का बसेना, ते मला माहीत होतं, तरी मी सांगितलं नव्हतं. शेवटी एका सकाळी सांगून टाकलं.

"जुबेदा, तुहे बोटं चांगले हायेत. सेल म्या उलटा टाकला होता."

"तू?"

"हो. सांगाले इसरली."

"दाबदाबून थकली मी आतमधी. मले वाटलं, हाताले जोरच नाही उरला. म्हणून मागं फिरली, अन् अंधारात पोत्याले धडकली. अन् तू पंधरा दिवस इथं बसून चहा पेऊन राहिली?"

"हो."

"निघ इथून."

मी दारापर्यंत गेले. राहवलं नाही म्हणून म्हटलं, "पण तुह्या बॅटरीचा उजेड दिसला, म्हणून तं म्या दार उघडलं."

"कोणता उजेड? बॅटरी माह्या हातात होती, शांते. डोळ्यापुढं होती. सारा अंधार होता."

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला. आधी थांबत थांबत, मग सलग. मी भांडी तशीच टाकून ऐकत बसले.

ती माझ्याशी अजून बोलत नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही बोलले नसते.

उजेडाचं मात्र कोडं सुटलं नाही. कोणी म्हणतं टिनाला छिद्र असेल, ऊन आलं असेल. छिद्र नाही. या वयात शिडी लावून, वर चढून, हात फिरवून पाहिलं आहे मी.