दलेन्दाच्या कविता, आईच्या बोलीत

बिझर्त या बंदराच्या गावात आपल्या चित्रांची कदर असलेला एकच माणूस आहे, असं दलेन्दा बेन रोमधान सांगायची. तो म्हणजे भंगारवाला. निदान तो दारात थांबून "हे टाकायचंय का" एवढं तरी विचारतो.

तीस वर्षं तिनं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. जगातल्या नद्यांचे उगम तिला तोंडपाठ होते, पण आपल्या चित्राचा उगम कुणी विचारला की तिची बोबडी वळायची. चित्रात ना घर, ना झाड, ना माणूस. नुसते रंगांचे लोट. म्हणून तिनं प्रत्येक चित्राला स्वतःची एक कविता जोडायला सुरुवात केली. चित्र कळलं नाही तर माणसानं कविता वाचावी, आणि कविता कळली नाही तर परत चित्राकडे बघावं, अशी सोय.

तिचा नवरा हमादी औषधांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "म्हणजे एकानं गुण आला नाही की दुसरं. आमचे डॉक्टर असंच करतात."

गच्चीवर कपडे धुण्याच्या खोलीत ती रंगवायची. रंगवताना कधी कधी खरोखर रडायची. मग आरशात बघितलं की नाकाला निळा रंग फासलेला असायचा, आणि एवढ्या थोर दुःखाचं पार हसं व्हायचं.

निवृत्त झाल्यावर छप्पन्नाव्या वर्षी तिनं धीर केला आणि बंदराजवळच्या संस्कृती भवनात सोळा चित्रं आणि सोळा कविता लावल्या. शनिवारी दुपारी लोक आले. शाळेतल्या मैत्रिणी आल्या, हमादीची गिऱ्हाईकं आली, आणि बरेचजण मक्रूद, म्हणजे खजुराच्या गोड वड्या, खायला आले. एका हातात मधानं निथळणारा मक्रूद धरून ते चित्रापुढे उभे राहायचे, लांबचं जहाज ओळखावं तसे डोळे बारीक करायचे, ओठ हलवत कविता वाचायचे आणि म्हणायचे, "खोल आहे." पाचव्यांदा ते ऐकल्यावर दलेन्दाला वाटलं, आपण प्रदर्शन भरवलंय की विहीर खणलीय?

चारच्या सुमाराला हमादीचा हात धरून तिची आई आली. मन्नूबियाचं वय एक्याऐंशी. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली पांढरी चादर, सफसारी, तिचं एक टोक दातात धरलेलं. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती थेट पहिल्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"चित्र आहे, यम्मा."

"ते दिसतंय. खाली काय लिहिलंय ते वाच."

दलेन्दानं घसा साफ केला. "हे अनादि शून्या, माझ्या अस्तित्वाच्या तटावर तुझ्या मौनाच्या लाटा अविरत आदळतात."

मन्नूबियानं दातातलं सफसारीचं टोक सोडलं. "ही कुठली भाषा?"

"अरबीच आहे की."

"ही शुक्रवारच्या प्रवचनातली अरबी. आपल्या बोलीत सांग."

दलेन्दा विचारात पडली. शून्य, अस्तित्व, तट. तीस वर्षं मुलींना वारे कसे वाहतात ते समजावलं होतं, इथं मात्र शब्द सुचेना. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे, कधी कधी घरात करमत नाही."

"मग तसं लिहायचं ना, बिन्ती, माझ्या पोरी," म्हणत आई पुढे सरकली.

दुसरी कविता विदीर्ण प्रभातीची होती, त्यात प्रकाशाची शकलं पापण्यांवर विखुरली होती. दलेन्दानं ती वाचली आणि आईनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "सकाळी उठावंसं वाटत नाही."

"रक्त तपासून घे," आई म्हणाली. "हमादी, हिला लोहाच्या गोळ्या दे. तुझं दुकान असून बायको अशी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाजारात मासे विकणारी जमीला जवळ सरकली, तिच्या मागून आणखी चौघी. चौथ्या चित्रापर्यंत अर्धं दालन मन्नूबियाच्या पाठीमागे जमलं होतं. दलेन्दा कविता वाचायची तेव्हा लोक मक्रूद चावायचे, आणि बोलीत सांगायची वेळ आली की कान टवकारायचे. तिचे कान लाल झाले. जमीला खवले काढते तसे आपल्या कवितेचे खवले निघताहेत आणि आत बोटभर मासळी उरतेय, असं तिला दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे सांगताना काही सुटत नव्हतं. घरात करमत नाही, हे खरंच होतं. बाकीचा थाट होता.

सातवं चित्र सगळ्यांत मोठं होतं. काळं, आणि आडवी एक लाल रेघ. नाव 'वियोग'. त्याच्या कवितेवर तिनं दोन वर्षं घालवली होती. समुद्रानं गिळलेला क्षण, क्षितिजाची जखम, असं सगळं त्यात होतं.

"हे बाबांवर आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ते फ्रान्सला गेले, त्यावर."

"समुद्र कुठला? तुझे बाबा बसनं गेले."

लोक हसले. मन्नूबिया मात्र चित्राकडेच बघत होती.

"बुधवार होता," ती म्हणाली. "ट्युनिसपर्यंत बस, तिथून जहाज. ते गेले आणि मी बघते तर पट्टा खुंटीवर. आता हा माणूस परमुलखात पँट हातात धरून हिंडणार की काय? तू वर्षाची होतीस. तुला काखोटीला मारलं आणि धावले. तेव्हा गावाच्या कालव्यावर पूल नव्हता, बस फेरीबोटीवर चढून अर्ध्या कालव्यात गेली होती. मी पट्टा वर करून हलवला. त्यांना वाटलं, निरोप देतेय. त्यांनीही हात हलवला."



"मग?" जमीलानं विचारलं.

"मग काय. तीन वर्षं पट्टा खुंटीवर. दर शुक्रवारी तेलाचं बोट फिरवायची, कातडं तडकू नये म्हणून. आले तेव्हा तो बसेना. पोट सुटलं होतं." तिनं लाल रेघेकडे बोट केलं. "हा पट्टाच ना?"

ही अस्तित्वाची जखम आहे, असं दलेन्दाच्या अगदी ओठांवर आलं होतं. "हो, यम्मा," ती म्हणाली.

"तपकिरी होता."

दलेन्दानं दोन वर्षांची कविता भिंतीवरून काढली. आईला खुर्चीवर बसवलं आणि एका निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

"खाली नाव कुणाचं?" आईनं विचारलं.

"तुझं."

"मग ते पोट सुटल्याचं काढ. वारलेल्या माणसाचं असं सांगू नये."

"यम्मा, तीच ओळ सगळ्यांत चांगली आहे."

"कविता कुणाची आहे?"

दलेन्दानं ओळ खोडली. खोडताना तिला वाटलं, आपल्या ओळी कुणी अशा हट्टानं बदलायला लावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडाभर लोक त्या कागदापुढे थांबत राहिले. खोल आहे, असं कुणी म्हटलं नाही. जमीला तर परत येऊन लिबियात गेलेल्या भावाबद्दल अर्धा तास बोलली आणि डोळे पुसत गेली. आपल्या चित्रापुढे कुणीतरी रडावं, ही दलेन्दाची जुनी हौस. ती फिटली, पण आईच्या नावावर. तिला चक्क मत्सर वाटला. जन्मभर तोडीस तोड कवी भेटला नव्हता, आणि भेटला तो निरक्षर, वर आपल्याच घरातला.

घरी येऊन तिनं उरलेल्या पंधरा कविता बोलीत लिहून पाहिल्या. त्यातल्या तीन कवितांमध्ये बोलीत आणल्यावर काहीच उरेना. त्या तीन चित्रांखाली तिनं काही लावलं नाही. बिनशब्दांची ती तीन चित्रं तिला पहिल्यांदाच नीट दिसली. त्यातलं एक खरंच वाईट होतं. दोन बरी होती.

पुढच्या वसंतात शेजारच्या मेंझेल बुर्गिबातून बोलावणं आलं. मन्नूबिया हट्टानं बरोबर गेली आणि दारापाशीच खुर्ची टाकून बसली. लोक येऊन तिचा हात कपाळाला लावत होते. एका तरुण मास्तरांनी दलेन्दाला बाजूला घेऊन अदबीनं विचारलं, "बाईसाहेब, आपण यांच्या कोण?"

"मी चित्रं लावते," दलेन्दा म्हणाली, आणि आईसाठी चहा आणायला गेली.