उजव्या सिलिंडरचा धूर

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडहून अहमदपूरला माहेरी आले, तेव्हा आई आणि अण्णा एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होते. आमच्या घरात सगळं ठीक असलं की कुणी इतकं सभ्य बोलत नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, काही नाही, गाडीला काहीतरी झालंय. अण्णा म्हणाले, बघू, होईल.

गाडी म्हणजे अण्णांची मोटारसायकल. नोकरीला लागल्यावर वर्षभरात घेतलेली, आणि निवृत्त झाले तरी सोडली नाही. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन्ही अंगांना एकेक सायलेन्सर. आम्हा भावंडांपेक्षा तिचे लाड जास्त झाले, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. दर भाऊबीजेला अण्णा तिच्यावरून इस्लापूरला, आत्याकडे जात. लोहा, नांदेड, भोकर, हिमायतनगर, असा मोठा रस्ता. आत्या त्यांच्याहून आठ वर्षांनी थोरली. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की ती निरांजन पेटवायची, इतक्या वर्षांची ती सवय.

पण या पावसाळ्यात लोह्याच्या अलीकडे अण्णांना चालत्या गाडीवर चक्कर आली. गाडी रस्त्याच्या कडेला गेली, अण्णा काळ्या चिखलात पडले. चिखल होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि लांबचं एकट्यानं चालवू नका म्हणून सांगितलं. अण्णा मान डोलावून हाव म्हणाले. भाऊबीज आता तीन दिवसांवर आली होती, अण्णा गाडीवर जाणार की नाही हे कुणी विचारत नव्हतं आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच चाललं होतं.

मी गाडी चालू करायला सांगितली. डाव्या सायलेन्सरमधून नेहमीचा निळसर धूर आला. उजव्यातून काळाकुट्ट, आणि त्यासोबत न जळलेल्या पेट्रोलचा वास. गाडी एका अंगानं खोकत होती.

अण्णा म्हणाले, तेल जास्त पडलं असंल. मला ते पटलं नाही. तेल तर पेट्रोलच्या टाकीतच मिसळलेलं, ते दोन्हीकडे सारखंच जाणार. मला हे कळतं, कारण नऊ वर्षांची असताना अण्णांनीच मला प्लगचा रंग ओळखायला शिकवलं होतं. बिस्किटासारखा तपकिरी असला की तब्येत चांगली, पांढरा पडला की पेट्रोल कमी, काळा आणि ओला असला की जास्त. मी दोन्ही प्लग काढले. डावा बिस्किटासारखा. उजवा असा काळा, की बोटं चुलीत घातल्यासारखी झाली.

मी नववी-दहावीला गणित शिकवते, त्यामुळे माझा एक खाक्या आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, मग पुढची. मी डावा प्लग उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. काळा धूर उजवीकडूनच. म्हणजे प्लग निर्दोष. मग ठिणगी देणाऱ्या वायरी आणि कॉइल डावीउजवीकडे बदलल्या. धूर उजवीकडूनच. अण्णा पाटावर बसून पाने हातात देत होते आणि मध्येच म्हणत होते, आमच्या मास्तरीणबाईंनी आज गाडीची परीक्षा लावली. एरवी ते मला हात लावू देत नसत. स्वतः कानानं ऐकून अर्ध्या तासात दोष सांगायचे, पार चाकूरपासून लोक इंजिनं घेऊन यायचे त्यांच्याकडे. यावेळी ते नुसतं बघत बसले होते. मला वाटलं, वय झालं. आणि तसं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कार्बोरेटर उतरवले. हवा आणि पेट्रोल मिसळायचं काम याच भांड्यात होतं, तेव्हा दोष इथेच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. धुतले, फुंकले, तरंगता फ्लोट मोजला, दोन्हीकडे सारखा. मग डावा उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. आता धूर डावीकडून यायलाच हवा होता. किक मारली. उजवीकडून आला.

मी वहीत लिहिलं, कार्बोरेटर निर्दोष. लिहिताना हात थबकला. प्लग नाही, ठिणगी नाही, कार्बोरेटर नाही. मग ते जास्तीचं पेट्रोल उजवीकडे येतं कुठून? वर्गात असं गणित आलं असतं तर मी छापणाऱ्याची चूक म्हणून पुढं गेले असते. इथं पुढं जायला जागाच नव्हती.

दुपारी बसस्टँडमागच्या मेकॅनिकला बोलावलं. अण्णांना गुरू मानणारा माणूस, पायातली चप्पल काढून अंगणात बसला. त्यानं ऐकलं, टाकीखाली हात घालून चाचपलं आणि म्हणाला, उजव्या बाजूचं सील गेलं, गिअरचं तेल इंजिनात खेचलं जातंय, पूर्ण इंजिन खोलावं लागल, सील हैदराबादहून मागवावं लागल. मी गिअरच्या तेलाची पातळी बघितली. थेंबभरही उतरली नव्हती. त्याला दाखवलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, ताई, मग मलाबी कळंना. अण्णा मान हलवून म्हणाले, जुनं यंत्र हाय, कळत न्हाई कवा कवा. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं कुणाला काही न विचारता सगळ्यांना चहा आणून दिला.

माझा पारा चढला होता. रात्रभर डोक्यात तेच. भाऊबीज परवावर आली, आत्या वाट बघणार, आणि एवढं शिकून मला एक धूर सापडत नाही. खरं सांगायचं तर धूर सापडावा की नाही हेही मला नक्की ठरवता येत नव्हतं. सापडला की अण्णा किल्ली उचलणार. मग आईसारखी मीही दारात उभी राहणार. तरी उत्तर चुकलेलं मला सोडवत नाही, तो माझा स्वभाव.

सकाळी उजाडताच टाकी काढली आणि सगळं पुसायला घेतलं. टाकीखालच्या पाइपाला काळा दोरा बांधलेला होता. तो मी पहिल्या दिवसापासून बघत होते. चक्कर आली त्याच्या दुसऱ्या शनिवारी आईनं मारुतीच्या देवळातून आणून बांधलेला, आणि मग दर शनिवारी त्याच्यावर आणखी एक. कार्बोरेटर काढताना मी तो हळूच बाजूला सारला होता. मेकॅनिकनंही चाचपताना सारला होता, आणि मग ते बोट कपाळाला लावलं होतं. अशा दोऱ्याला कुणी पाना लावत नाही. तो आपोआप तुटला तर तुटू द्यायचा, एवढंच.

पुसताना दिसलं, की दोरा नुसता पाइपाला नव्हता. चोकची तार तिथूनच खाली येते. थंड इंजिनाला सुरू होताना जास्तीचं पेट्रोल मिळावं म्हणून ती एक छोटी दांडी उचलते आणि गाडी तापली की दांडी खाली बसते. ही तार पुढं दुभंगून दोन्ही सिलिंडरांना जाते. उजवा फाटा दोऱ्यांच्या गाठोड्यात आवळला होता. आवळून तारेचं आवरण खोबणीतून निघालं होतं आणि कडेवर चढून बसलं होतं, त्यामुळे आतली तार कायम ताणलेली. उजवा चोक तीन महिने उघडाच. आणि कार्बोरेटर बदलताना तारा मी काढल्याच नव्हत्या, दांड्यांसकट तशाच लोंबत ठेवल्या होत्या, म्हणून दोष जागचा हलला नव्हता.

मी आनंदानं ओरडणारच होते. आवरण बोटानं दाबलं, टक्कन खोबणीत बसलं. दोऱ्याची गाठ सोडायला नख घातलं तेवढ्यात अण्णा मागं येऊन उभे राहिले.

"राहू दे, माय."

मी वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल अजिबात नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बांधला त्याच दिवसापासून."

मला इतका राग आला की हातातलं फडकं खाली टाकलं. दोन दिवस मी काळी होऊन मरतेय, त्या बिचाऱ्या माणसाला सील मागवायला लावत होतात, आणि तुम्ही पाटावर बसून पाने देत होता? हे सगळं मी दबक्या आवाजात बोलले, कारण आई आत होती. मला वाटलं, आईला बरं वाटावं म्हणून त्यांनी दोरा तसाच ठेवला असेल. मी तसं म्हणालेही. अण्णांनी मान हलवली. पाटावर बसले, फडकं उगीच घडी करत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दोरा सोडला की गाडी नीट हुतीय. नीट झाली की जावं लागतंय. आन मला आता भ्याव वाटायलंय. लोह्याच्या रोडला लागलो की हात कापतेत." मग जरा थांबून, "गाडी बिघडली म्हणून सांगता येतंय. मी बिघडलो म्हणून कसं सांगू?"

या माणसाला मी कधी कशाला घाबरलेलं बघितलं नव्हतं. शेतातल्या विहिरीत उतरून मोटर काढणारा माणूस. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंच आहे ना, असं काहीतरी मी म्हणाले. ते म्हणाले, डॉक्टरांचं वेगळं.

मी दोरा सोडला नाही. खोबणीत बसलेलं आवरण नखानं उचललं आणि पुन्हा कडेवर ठेवलं. मुद्दाम चुकीचं उत्तर लिहावं तसं वाटलं. मग दोघांनी मिळून टाकी बसवली, नळ्या जोडल्या, आणि अण्णांनी किक मारली. अंगणभर काळा धूर झाला.

आई बाहेर आली. पदर नाकाला लावून तिनं विचारलं, सापडलं का गं?

वर्गात पोरांनी अडवलं तरी जे शब्द मी कधी तोंडातून काढले नव्हते, ते काढले. म्हणाले, नाही गं आई, मला काहीच कळेना. इतक्यात काही दुरुस्त होत नाही ही.

आईनं माझ्याकडे बघितलं, धुराकडे बघितलं, मग बराच वेळ अण्णांकडे बघत राहिली. तिला काय कळलं आणि काय नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

अण्णांनी गाडी बंद केली, पेट्रोलची चावी फिरवली, आणि हात पुसत तिला विचारलं, उद्या नांदेडची पहिली बस किती वाजता हाय?