कोळी-खेकड्याची आंघोळ

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी जन्मात कधी समुद्र बघितला नव्हता. नव्हता तर नव्हता, मी तरी तेव्हा कुठं बघितला होता? पण मी तसं कबूल करत होते. सर मात्र समुद्राबद्दल असे बोलायचे, जसा काही तो त्यांच्या मोहोळच्या शेताच्या बांधालाच लागून आहे.

मी तिथं प्रयोगशाळेत कामाला होते. बरण्या पुसायच्या, ट्रेमध्ये बेडूक मांडून ठेवायचे, फरशी पुसायची. शिक्षण चौथी. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. नवऱ्याची गिरणी महिन्यातनं पंधरा दिवस बंद, आणि माझी नोकरी दर सहा महिन्यांनी संपायची. मग पुन्हा अर्ज. येत्या जूनमध्ये मला कायम करायचं बोलणं चाललं होतं, आणि ती शिफारस सरांच्या हातात होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून मला फार बोल लावणार नाही.

काचेच्या कपाटात कापसावर एक वाळवलेला कोळी-खेकडा होता. सरांच्या आधीच्या मॅडमनी मुलांची सहल रत्नागिरीला नेली होती, तेव्हा आणलेला. अंग माझ्या मुठीएवढं, काटेरी, तोंडाकडं निमुळतं. पाय जाळ्यातल्या कोळ्यासारखे, काड्यांगत लांबच लांब. आणि पाठीवर नुसता पसारा, वाळकं शेवाळ, स्पंजाचे तुकडे, कसली कसली बारीक झुडपं.

"हा कचरा नाही हं, हा त्याचा पोशाख आहे," मॅडम म्हणायच्या. निवृत्त व्हायच्या आधी रिकाम्या तासाला मला समोर बसवून सांगायच्या. हा खेकडा बारीक नांगीनं शेवाळ खुडतो, तोंडाशी नेऊन जरा चोळामोळा करतो आणि नांगी मागं वळवून पाठीवर खोचतो. पाठीवर वाकडे केस असतात, चोळीच्या हुकासारखे, त्यात ते अडकून बसतं. तिथंच जगतं, वाढतं. खाणारा मासा शेजारनं गेला तरी त्याला वाटतं, दगड आहे. कवच टाकायची वेळ आली की हा जुन्या पाठीवरचं काढून नव्या पाठीवर लावतो, आपण जुन्या लुगड्याचे काठ काढून नव्याला लावतो तसं की! आणि एकदा पुरता वयात आला की पुन्हा कवच टाकायचं नाही. तेच अंग मरेपर्यंत.

जाताना मॅडमनी मला एक पुस्तक दिलं. अक्षर अक्षर लावत वाचलं मी ते. त्यात नखावर मावेल एवढा एक कोळी-खेकडा होता, आणि एक जपानकडचा, त्यानं पाय पसरले तर आमच्या खोलीत मावायचा नाही. अंगानं थोराड झाले की त्यांच्यातले बरेच जण नटणं सोडून देतात. बरोबरच आहे. त्याला गिळायला येणार कोण? पिढ्यान् पिढ्या गरज उरली नाही, तसे काही जातींच्या पाठीवरचे ते आकडेही कमी होत गेले.

हे सगळं मला माहीत, आणि सर मुलांना कपाटापुढं उभं करून सांगायचे, "हा कोळी आणि खेकडा यांच्यामधला दुवा. मोजा, आठ पाय." मुलं मोजायची. आठच भरायचे, कारण नांग्या सर धरायचेच नाहीत. अहो, दोन नांग्या धरा की, दहा होतात! शिवाय डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या, कोळ्याला एकही नसते. लांब पायांमुळं नाव तेवढं मिळालं. माझ्या नणंदेचेही पाय लांब आहेत, म्हणून काय ती सारस पक्षी झाली?

मग मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. सर कपाटापुढं थांबले.

"मावशी, काय ही घाण साचलीय!"

"सर, ती घाण न्हाई. त्यो सोताच लावून घेतो."

"कोण, खेकडा?" सर हसले. "अहो, आमच्या सीना नदीच्या काठी पोत्यानं खेकडे निघतात. चिखलातनं काढला की खसाखसा धुवायचा, मगच घरात घ्यायचा. मला खेकडा शिकवता?"

"ह्यो नदीतला न्हाई, सर."

"खेकडा तो खेकडाच. सोडा घ्या, ब्रश घ्या. आणि जूनचं लक्षात आहे ना?"

नळाला एक दिवसाआड पाणी, आणि या महाराजांच्या खेकड्याला दोन बादल्या! मी धुतला. माझ्या हातांनी धुतला. स्पंजाचा भुगा मोरीत गेला आणि खाली ते बारीक आकडे उघडे पडले. एक पाय तुटला. तो सरांनी स्वतः डिंकानं चिकटवला, तोही उलटा. वरनं वॉर्निशचा हात. सागवानी पाटासारखा चकाकायला लागला.

समितीत तिघं होते. दोघं चहा-चिवड्यात रमले. तिसऱ्या मुंबईच्या बाई होत्या, त्या कपाटाशी येऊन वाकल्या. "याच्या पाठीवर काहीच कसं नाही?"

"होतं थोडं. साफ करून घेतलं," सर ऐटीत म्हणाले. बाईंच्या कपाळाला आठी पडली, तसा यांचा सूर फिरला. "म्हणजे, आमच्या मावशींनी धुऊन टाकला, मॅडम. अडाणी आहेत, काय करणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढं झाले आणि सगळं सांगितलं, खुडणं, खोचणं, आकडे, कवच, सगळं. "आणि ह्यो पाय उलटा बसवलाय," तेही सांगून टाकलं. सर फरशीकडं बघत उभे. एवढा मोठा माणूस, पण त्या घडीला मला तो मोरीतल्या भुग्याएवढाही वाटला नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच विचारलं, "एवढं ठाऊक होतं, तर धुतलात का?"

सरांनी सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. सर घाबरून माझ्या तोंडाकडं बघतही होते. पण खरं तेवढंच नव्हतं.

"जूनमधी मला कायम करणार हायेत, बाई," मी म्हणाले.

बाईंनी वही मिटली आणि पुढच्या कपाटाकडं गेल्या.

जूनमध्ये ऑर्डर निघाली. बाईंनी प्राचार्यांना सांगितलं म्हणून, का सर मला भ्यायले म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी अर्धा किलो पेढे आणले, प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या हातावर ठेवले. "काय मावशी, आमचा पेढा?" सर निर्लज्जपणानं म्हणाले. त्यांना दिला नाही. दोन उरले होते, ते घरी नेऊन नवऱ्याला दिले. मी काही खाल्ला नाही.