ढालीवरचे मासे

आखातातल्या अल खौद गावात एका ग्रंथालयात मी नोकरीला होतो. युरोपातल्या उमराव घराण्यांच्या कुलचिन्हांचा एक जुना संदर्भग्रंथ खिळखिळा झाला, म्हणून तो मी बाजारातल्या बाइंडरकडे नेला. माणूस रत्नागिरीकडचा, दाढी पांढरी, बोटांना कायम खळ. नाव विचारायचं राहूनच गेलं.

काम सुरू करण्याआधी त्याने एकेक पान पाहिलं. ढालींवरचे सिंह बघून तो खुदखुदू लागला.

"भाई, ह्यांनी सिंह कधी बघितलेला नाय! जीभ काढून नाचतोय बघा."

मधली दोन पानं ओल लागून घट्ट चिकटली होती. फाटली असती तर जाब मला द्यावा लागला असता. त्याने किटलीची वाफ दिली, पातळ पट्टी आत सरकवली आणि श्वास रोखून पानं सोडवली. निळ्या ढालीवर तीन रुपेरी मासे, रंग अगदी ताजे! त्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारली, "यल्ला, लवकर ये! हा सरदार आमच्यातलाच निघाला!"

ग्रंथ परत देताना म्हणाला, "हे पान रोज उघडत जा भाई. किती वर्षांनी बिचाऱ्यांना वारा लागलाय."

नोकरी होती तोवर मी ते रोज सकाळी उघडत असे, आणि दरवेळी हसू येई.